वाळूखालची सारवलेली जमीन

ठिकरीच्या खेळात माझा हात धरणारी पोरगी आमच्या गल्लीत नव्हती, आणि त्याचं श्रेय माझ्या पायांपेक्षा माझ्या खापरीला जास्त होतं. बाकीच्या मुली कौलाचा तुकडा दगडावर घासून गोल करायच्या. माझ्याकडे मात्र नदीकाठच्या टेकावरून उचललेली तांबडी, तुळतुळीत, वर काळ्या रेघा ओढलेली खापरी असायची. ती चौकोनात टाकली की उडायची नाही, जागेवर बसायची. येरळा नदी आमच्या शिवाराला वळसा घालते तिथं वाळूचं हे भलंमोठं टेक होतं. नदीला पाणी असायचं ते पावसाळ्यात आणि पुढे थोडे दिवस. बाकीचं वर्षभर नदी म्हणजे नुसती वाळू. वैशाखाचं वारं सुटलं की ती उठायची, टेकाच्या एका अंगाची दुसऱ्या अंगाला जाऊन पडायची, आणि काल जिथं काही नव्हतं तिथं आज खापऱ्यांचा सडा दिसायचा. म्हातारी माणसं म्हणत, पूर्वी तिथं कुंभार राहायचे. एवढी चांगली काळी जमीन सोडून कुंभार वाळूत कशाला राहायला गेले, असं मी विचारलं की 'हिला लय चौकशा' म्हणून मला वाटेला लावत. हा शिक्का माझ्यावर तेव्हा बसला, आणि पुढे साताऱ्याच्या शाळेत भूगोल शिकवण्यात जन्म गेला तरी तो काही पुसला गेला नाही. पुसावा असं मलाही कधी वाटलं नाही.

आमचं घर तासगावच्या बाजूचं, जैन शेतकऱ्याचं. आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गावात सगळ्यांच्या आधी द्राक्षं लावली आणि बेदाण्याचं शेडही सगळ्यांच्या आधी उभं केलं, आणि ही गोष्ट ते कुणाला विसरू देत नसत. त्यांचे धाकटे भाऊ आप्पा. त्यांनी लग्न केलं नाही. जनावरं, गोठा आणि वैरण एवढंच त्यांचं राज्य, झोपायचेही गोठ्यातच. बोलणं इतकं कमी की पाहुण्यांना ते मुके वाटायचे. आणि आई. आईच्या स्वयंपाकघराचे नियम देवळापेक्षा कडक होते. पाणी फडक्यातून गाळल्याशिवाय कळशीत जायचं नाही, सूर्य बुडाल्यावर ताटात काही पडायचं नाही, आणि जमिनीखाली वाढलेलं काही उंबऱ्याच्या आत यायचं नाही. कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही. तरीही तिच्या हातची शेवग्याची आमटी आणि कारळ्याची चटणी खाऊन कुणाला कांद्याची आठवण झालेली मी पाहिली नाही. पहाटे भाकऱ्या थापल्याचा आवाज, त्यामागे देवळातली घंटा आणि त्यामागे पहिल्या एसटीचा भोंगा, या क्रमानं आमच्या घरात उजाडायचं.

आई नदीकडे कधी जात नसे. रान आमचंच होतं, भांगलायला सगळ्या बायका जायच्या, पण आई विहिरीच्या पुढे पाऊल टाकायची नाही. का, ते मला माहीत होतं. घरात कुणी सांगितलं नव्हतं, पण अशा गोष्टी मुलींना कळतात. माझ्या आधी आईला एक मुलगा झाला होता. दात यायच्या आत तो गेला. एवढ्या लहानग्याला आमच्याकडे अग्नी देत नाहीत, मातीत ठेवतात, आणि कुठं ठेवलं ते आईला सांगत नाहीत. ती मग उठून तिथंच जाऊन बसेल, तिला संसार सुचणार नाही, असा त्यामागचा विचार. आमच्या बाळाला आप्पांनी नदीच्या वाळूत ठेवलं एवढंच आईला माहीत होतं. म्हणजे तिच्या लेखी ती सगळी नदीच त्याची जागा होती. कुठं पाय ठेवायचा आणि कुठं नाही, हे तिला कळायला मार्ग नव्हता.

माझी बारावीची परीक्षा झाली होती आणि मी निकालाची वाट बघत घरात लुडबुडत होते, त्या उन्हाळ्यात वैद्य बाई आल्या. पुण्याच्या कुठल्याशा कॉलेजात त्या जुन्या वस्त्यांचा अभ्यास करत. नदीच्या कडेकडेनं गावोगाव चालत, 'तुमच्याकडे खापऱ्या कुठं निघतात?' असं विचारत त्या आमच्या दारात उभ्या राहिल्या. डोक्याला रुमाल, पायात पुरुषी बूट, खांद्याला पिशवी. मी माझी खापरी आणून दाखवली. त्यांनी ती उन्हात धरली, नखानं टिचकी मारून कानाशी नेली, आणि विचारलं, "हिच्याशी खेळतेस?" मी मान हलवली. "खेळ, खेळ," त्या म्हणाल्या. "पण ज्या बाईनं या मडक्यात पाणी भरलं ना, तिला जाऊन हजारो वर्षं झाली." मला तर भोवळ यायची बाकी होती. त्याच दिवशी त्यांनी टेक पाहिलं आणि आण्णांकडे चाचणीची परवानगी मागितली. सगळं खणायचं नाही, इथं एक आणि तिथं एक खड्डा घेऊन खाली काय आहे ते बघायचं, याला त्या चाचणी म्हणत. आण्णांचा बेत टेक सपाट करून तिथं द्राक्षं लावायचा होता. ते म्हणाले, "खणा की. पावसाच्या आत उरका म्हंजे झालं. पुढं आमचा डोझर यायचा हाय."

बाई आणि त्यांचे विद्यार्थी बेदाण्याच्या शेडमध्ये उतरले, कारण हंगाम संपून शेड रिकामं झालं होतं. जेवण आमच्याकडे ठरलं. पहिल्याच दिवशी एका विद्यार्थ्यानं खापऱ्यांनी भरलेली पाटी धुवायला म्हणून आमच्या सोप्यात आणली आणि आईनं त्याला दारातच अडवलं. "जमिनीखालचं हाय ना? मग आत न्हाई यायचं." तो बिचारा म्हणाला, "अहो, हे खायचं नाही." आई म्हणाली, "ते मलाबी दिसतंय. पर नेम तो नेम." मग खापऱ्या शेडमध्येच धुतल्या जाऊ लागल्या, आणि जिथं महिन्याभरापूर्वी द्राक्षं वाळत होती त्याच जाळ्यांवर माळ्यामागून माळे खापऱ्या वाळायला पडल्या. बेदाण्याच्या गोड, आंबूस वासात ते मडक्यांचे तुकडे बघायला गाव लोटलं. कुणी म्हणालं, "आण्णांच्या शेडात यंदा मालाची जात बदलली जनू." आण्णाही हसले, पण मनातून त्यांना ते लागलं असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई हात धुवायला मागच्या दारी आल्या तेव्हा मी तिथं भांडी घासत होते. आईनं त्यांच्या हातावर पाणी घातलं आणि तांब्या खाली न ठेवता म्हणाली, "बाई, एक बोलायचं हुतं. त्या वाळूत माझं एक मूल हाय." बाईंचे ओले हात तसेच राहिले. आई पुढे म्हणाली, "कुठं हाय ते मला ठावं न्हाई. तुमी खणताय. ल्हान हाडं गावली तर आधी मला सांगायचं. गड्यांच्या हातात द्यायची न्हाईत, पोरांनी बघायची न्हाईत. एवढं करा, तुमच्या जेवनाखान्यात मी कमी पडू द्यायची न्हाई." बाईंनी काही समजावलं नाही. "ताई, आधी तुम्हालाच सांगेन," एवढंच म्हणाल्या. माझ्या आईनं तिच्या उभ्या आयुष्यात कुणाला अट घातलेली मी तोवर ऐकली नव्हती. मला तिच्याबद्दल एकदम कणव आली आणि थोडी भीतीही वाटली.

पहिला खड्डा टेकाच्या माथ्यावर घेतला. खुंट्या ठोकल्या, सुतळी ताणली, आणि गवंड्याच्या थापीनं वाळू हलकेच खरवडून चाळणीत टाकायला सुरुवात झाली. मी कडेला बसून प्रश्नांचा भडिमार करत असे आणि बाई न कंटाळता उत्तरं देत. त्या खड्ड्यात जे निघालं त्यानं विद्यार्थ्यांची तोंडं उतरली. काळ्या रेघांची खापरी, तिच्या शेजारी प्लास्टिकच्या बांगडीचा तुकडा, त्याखाली आणखी जुनी खापरी आणि तिच्याखाली बॅटरीचा सेल. सगळं एकात एक. त्या दिवशी बाईंनी जेवताना आईला ते सुपाच्या भाषेत सांगितलं. "तुम्ही पाखडता तेव्हा हलकं उडून जातं आणि जड सुपात राहतं ना? वारा तेच करतो. वाळू उडवून नेतो, वस्तू तिथल्या तिथं खाली बसत जातात. मग हजारो वर्षांपूर्वीची वस्तू आणि परवाची एकाच जागी येऊन पडतात. अशा वाळूत सापडलेल्या गोष्टीचं वय नुसत्या जागेवरून सांगता येत नाही." आईच्या हातातली भाकरी तशीच राहिली. "म्हंजे माझंबी त्यांच्यातच येऊन पडंल," ती म्हणाली. आप्पा ताटावरून उठले आणि हात धुवायला गेले. भाकरी अर्धी टाकून उठायची त्यांची रीत नव्हती.

दोन-चार दिवसांनी बाई दुपारच्या उन्हात एकट्याच घरी आल्या. हातात रुमालाची पुरचुंडी. आईला म्हणाल्या, "शब्द दिला होता म्हणून आणलंय. माझी खात्री आहे की हे करडाचं आहे, बारीकसा जबडाही आहे, दातांवरून कळतं. पण तुम्ही बघा." आईनं पदराला हात पुसले आणि बाहेर ओसरीच्या कडेला उकिडवी बसून रुमाल सोडला. बराच वेळ ती बघत राहिली. "करडूच हाय," ती शेवटी म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर सुटल्याचं होतं की हुकल्याचं, ते मला तेव्हा कळलं नाही. आज मला वाटतं, दोन्ही असावं. जिनं इतकी वर्षं विहिरीच्या पुढे पाऊल टाकलं नाही, तिला एकदाचं सापडावं असंही वाटत असणार आणि कुणी हात लावू नये असंही.

इथं जरा थांबून सांगायला हवं की आता ते टेक नाही आणि ती वाळूही नाही. टेकावर आण्णांनी पुढे द्राक्षं लावलीच, आणि नदीतली वाळू टिपर भरभरून शहरांतल्या इमारतींत गेली. मागच्या वर्षी नातवाला घेऊन गेले होते, तर नदीच्या पात्रात खडक उघडे पडलेत आणि वेड्या बाभळी माजल्यात. नातवानं विचारलं, "आजी, इथं काय होतं?" मी म्हटलं, "वाळू." त्याला त्यात सांगण्यासारखं काय आहे ते कळेना. साताऱ्याच्या माझ्या घराच्या भिंतींत कदाचित तीच वाळू असेल. गवंड्याला विचारायचं राहून गेलं.

दुसरा खड्डा बाईंनी टेकाच्या पायथ्याला घेतला. तिथं वाळूचा थर पातळ होता आणि पुराच्या पाण्यानं एक ओघळ पडून टेकाची कड उभी कापली गेली होती. वाळू संपली आणि थापीचा आवाज बदलला. खाली घट्ट, पांढुरकी जमीन लागली. बाईंनी सगळ्यांना हात थांबवायला लावले आणि स्वतः ब्रशनं झाडत बसल्या. ती घराची जमीन होती, चोपून केलेली, एका कोपऱ्यात जळकी राख आणि चुलीची कड. मला विश्वास बसेना. कुंभार नव्हे, कुणीतरी संसार करणारी माणसं, त्यांची चूल, आणि ती मी रोज ज्यावर खेळले त्याच्या खाली. संध्याकाळी उन्हं कलल्यावर ओघळीच्या बाजूनं कड तासताना त्या जमिनीच्या बरोबर खाली मडक्याचा गोल दिसला. मग दुसऱ्या मडक्याचा. दोन मडकी आडवी, तोंडाला तोंड लावून ठेवलेली. एकाला पाठीमागून चीर गेली होती आणि त्या चिरेतून बोटाच्या पेरापेक्षा बारीक काहीतरी पांढरं दिसत होतं. बाईंनी विद्यार्थ्यांना मागे सरायला सांगितलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "त्रिशला, आईला बोलाव."

मी पळत गेले. निरोप दिला तेव्हा आई चुलीपुढे होती. तिनं तवा उतरवला, भाकरी झाकली आणि निघाली. विहीर ओलांडताना एकदाही थबकली नाही. आण्णा मागून हाका मारत होते, "अगं, कशाला जातीस? ते पुरानं हाय, बाई सांगतील की." आप्पा गोठ्याच्या दारात उभे होते, ते जागचे हलले नाहीत. टेकापाशी आल्यावर आई वाकली आणि त्या मडक्यांकडे बघितलं. "बाई," ती म्हणाली, "मडक्यात ठेवत्यात का कुनी? भावजींनी मडक्यात ठेवलं असंल का?"

बाई तिच्याजवळ गुडघ्यांवर बसल्या. "ताई, हे तुमचं नाही. आणि हे मी समजूत काढायला म्हणत नाही, तुम्हीच बघा." त्यांनी कापलेल्या कडेवर ब्रशचं टोक ठेवलं. "ही घराची जमीन. जवळून बघा, एकावर एक पापुद्रे दिसतात. कशाचे असतील?" आईनं डोळे बारीक केले. "सारवनाचं." "बरोबर. आता मडक्यांच्या वर या. खालचे पापुद्रे इथं तुटलेत, म्हणजे खड्डा घेतला तेव्हा जमीन फोडली. आणि वरचे?" आईनं हळूच बोट लावलं. बोट या टोकापासून त्या टोकापर्यंत अडखळलं नाही. "वरचं सलग हाय," ती म्हणाली. "म्हणजे मडकी ठेवल्यावर ही जमीन पुन्हा सारवली. पुन्हा पुन्हा सारवली. त्यानंतर इथं कुणी खणलेलं नाही. वाळूतल्या गोष्टीचं मला सांगता आलं नसतं, पण याचं सांगते. हे त्याच माणसांचं बाळ आहे, ज्यांची ही चूल. लहान मूल गेलं की ते घरातच ठेवायचे."

आईनं चुलीच्या कडेकडे बघितलं, मग पुन्हा त्या पापुद्र्यांकडे. त्या जमिनीवर तिचं बोट तसंच होतं. मला वाटलं, आता तिच्या जिवावरचं ओझं उतरेल, ती उठेल आणि आपण घरी जाऊ. पण ती वेगळंच काही बघत होती. "सैपाक करायची तिथंच," ती म्हणाली. "सारवायची. तिला ठावं हुतं." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "तिला सांगितलं हुतं." तिच्या आवाजात हेवा होता. हजारो वर्षांपूर्वीच्या त्या बाईचा माझ्या आईला हेवा वाटला, हे मी स्पष्टच लिहिते, कारण दुसरा शब्द नाही.

त्या संध्याकाळी पंगत नेहमीसारखीच दिवस मावळायच्या आत बसली. आण्णा, आप्पा, बाई, विद्यार्थी. आई वाढत होती. आप्पांच्या ताटात भाकरी टाकली आणि ती त्यांच्या समोरच उभी राहिली. "भावजी, माझं कुठं ठेवलंय?" आण्णा दचकले. "आता कशाला ते? चार मानसांत..." आई त्यांच्याकडे वळलीसुद्धा नाही. "तुमाला न्हाई इचारलं," ती म्हणाली. बाई उठायला लागल्या तर आईनं हातानंच त्यांना बसवलं. आप्पांनी ताटात मिठाच्या शेजारी बोट टेकवलं आणि तिथंच ठेवलं. मग त्यांनी बोलायला सुरुवात केली, आणि त्यांच्या तोंडून एवढं सलग बोलणं आम्ही कुणीच कधी ऐकलं नव्हतं.

"सांगलीच्या दवाखान्यात तुमी तापानं फनफनल्याल्या. आण्णा तुमच्यापाशी. मी एकटाच त्याला घिऊन एसटीनं आलो. मांडीवर घेतलेलं. कंडक्टर म्हनला, पोरगं लय शांत हाय तुमचं. मी म्हनलं, निजलंय. गावात म्हातारी मानसं म्हनली, नदीला ने. नेलं. वाळू उकरली तर खड्डा ऱ्हाईना. उकरावी तशी आत ढासळती. आन् पल्याडच्या काठाला एक कुत्रं बसलेलं, माझ्याकडं बघत. उठंना, हाकललं तरी उठंना. मन झालं न्हाई, वैनी. परत फिरलो. सगळ्यास्नी सांगितलं, नदीला ठेवलं." आण्णांचा घास हातातच होता. गोठ्यात कोबा करायचा त्यांचा बेत आप्पांनी मागे कितीदा हाणून पाडला होता, इतका की एकदा भाऊ-भाऊ महिनाभर बोलले नव्हते, आणि कारण मात्र आप्पांनी कधी दिलं नव्हतं. आण्णांच्या चेहऱ्यावरून मला दिसलं की त्यांना माझ्याआधी कळलंय. "गव्हानीजवळ," आप्पा म्हणाले. "खोल घेतलं. वर मीठ घातलं. तुमी म्हशीच्या धारंला बसता तितं. मी आडवाच झोपतो तितल्या वाटंवर, म्हंजे जनावर सुटून त्या जागंवर जाऊ ने."

वैद्य बाईंनी चष्मा काढला आणि पदर नव्हता म्हणून शर्टाच्या बाहीला पुसला. आई आप्पांच्या ताटाकडे बघत होती. "भाकरी निवली तुमची," ती म्हणाली, आणि आत जाऊन दुसरी गरम आणून वाढली. मग तिनं नेहमीच्या खुंटीवरची दुधाची कासंडी काढली. धारेची वेळ झालीच होती. माझा जन्म झाल्यापासून, आणि त्याच्याही आधीपासून, सकाळ-संध्याकाळ ती त्या गव्हाणीपाशी जाऊन बसत होती. मी तिच्या मागोमाग गेले. रडली तर जवळ असावं म्हणून. ती रडली नाही. गोठ्यात जाऊन उभी राहिली, खाली बघितलं, आणि नेहमीच्या जागी बसायचं सोडून वळसा घालून म्हशीच्या दुसऱ्या अंगाला जाऊन बसली. त्या बाजूनं म्हशीला कुणी कधी हात लावला नव्हता. ती बावचळली, मान वळवून बघायला लागली, जागच्या जागी पाय बदलायला लागली. आईनं तिच्या पोटावर हात ठेवला.

"हळू गं," आई तिला म्हणाली, "पाय जपून टाक."